घरचे हॉप्स घातलेली बिअर दर वर्षी बाटलीतून उसळते, बाकीच्या बॅच मात्र ठीक: कारण आणि उपाय

आत्ता तुमच्या घरात भरलेल्या बाटल्या असतील आणि त्यातली एखादी उघडल्यावर फेस थांबतच नसेल, तर पुढचं वाचायच्या आधी एक काम करा. सगळ्या बाटल्या फ्रिजमध्ये टाका. गॉगल लावा, जाड हातमोजे घाला, पूर्ण बाह्यांचं जाड काहीतरी अंगावर चढवा आणि बाटल्या अजिबात हलवू नका. थंडीत यीस्ट झोपतं आणि गॅस बिअरमध्ये जास्त विरघळतो त्यामुळे दाब उतरतो. फ्रिजमध्ये जागा नसेल तर बर्फ भरलेला मोठा कूलर पण चालतो. दोन दिवस नीट गार झाल्या की टॉवेलखाली एकेक झाकण हळूच सैल करायचं, गॅस निघून जाऊ द्यायचा. मी हे कळकळीने सांगतेय कारण २०२२ च्या नोव्हेंबरात आमच्या गॅरेजमध्ये रात्री एक बाटली फुटली आणि सकाळी बघते तर काचेचा एक तुकडा शेजारच्या खोक्याच्या पुठ्ठ्यात अर्धा रुतलेला, आणि रोज सकाळी त्याच जागी उभं राहून आमचा मुलगा सायकल काढतो.

आता कारण. मला ते सापडायला तीन हंगाम गेले, तुमचे जाऊ नयेत म्हणून सगळं सविस्तर लिहितेय.

आम्ही ऑरेगनमध्ये हिल्सबरोला राहतो, मी मूळची तासगावकडची, घरची द्राक्षबाग. इथे आल्यावर पहिल्यांदा हॉप्सचा (बिअरला कडवटपणा आणि वास देणारी बोंडं ज्या वेलीला लागतात तिचा) मळा बघितला तेव्हा १८ फूट उंचीच्या तारा, त्यावरून खाली सोडलेल्या दोऱ्या, आणि त्या दोऱ्या कसल्या तर काथ्याच्या! मला तिथेच घर आठवलं. मग गॅरेजच्या मागच्या भिंतीला आम्ही पण दोन कॅस्केड आणि एक नगेट लावला. कॅस्केड तर इथलंच वाण, कॉर्व्हॅलिसला १९५६ च्या संकरातून निघालेलं आणि १९७२ ला शेतकऱ्यांना मिळालेलं. मार्चमध्ये जमिनीतून जांभळट कोंब फुटतात, त्यातले दोन-तीन जोमदार ठेवायचे बाकी काढायचे, दोरीवर घड्याळाच्या काट्याच्या दिशेने गुंडाळून दिले की पुढचं वेल स्वतः बघते. डाऊनी आणि भुरी दोन्ही हिच्यावर पण येतात (बुरशी वेगळ्या जातीची पण लक्षणं बघून द्राक्षवाल्याला लगेच ओळखू येतं), म्हणून खालची तीन फूट पानं काढून वारा खेळता ठेवायचा. ऑगस्टच्या शेवटी बोंडं कागदासारखी कुरकुरीत लागायला लागतात, दाबून सोडली की परत फुगतात, चिरून बघितलं तर आत हळदीसारखी पिवळी पूड दिसते. म्हणजे तयार.

कायद्याचं पण एकदा बोलून टाकते कारण नातेवाईक हमखास विचारतात. अमेरिकेत १९७८ ला कायदा बदलला तेव्हापासून घरी स्वतःपुरती बिअर करता येते, घरात दोन सज्ञान माणसं असतील तर वर्षाला २०० गॅलन, विकायची नाही. महाराष्ट्रात १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली परवान्याशिवाय हे करता येत नाही, त्यामुळे तिकडच्या मंडळींनी करू नका. आणि हॉप्स पण तिकडे नीट येणार नाहीत, या वेलीला थंडीची झोप आणि उन्हाळ्यात लांबलचक दिवस लागतो. आमच्याकडे जूनमध्ये साडेपंधरा तासांचा दिवस असतो, पुण्यात सव्वातेराच्या पुढे जात नाही. भारतात हॉप्स घेतले गेले ते हिमाचलात लाहौलमध्ये, उगाच नाही.

तर समस्या अशी. माझी नेहमीची पेल एल, १९ लिटरची बॅच, साडेचार किलो पेल माल्ट (मोड आणून वाळवलेली बार्ली) आणि ४०० ग्रॅम क्रिस्टल माल्ट, ६८ अंशाला तासभर मॅश (माल्ट गरम पाण्यात भिजत ठेवायचा), सुरुवातीची ग्रॅव्हिटी, म्हणजे पाण्याच्या तुलनेत घनता, १.०५४; यीस्ट साखर खातं तशी ती उतरते. दोन आठवड्यांत १.०१३ ला येऊन थांबायची, तीन दिवसांच्या अंतराने दोनदा मोजायचे, काटा हलायचा नाही. मग ९० ग्रॅम घरचे वाळवलेले कॅस्केड पिशवीत बांधून पाच दिवस ड्राय हॉप (म्हणजे न उकळता थेट बिअरमध्ये ठेवायचे), त्यानंतर बाटलीत गॅस धरावा म्हणून ११० ग्रॅम कॉर्न शुगर उकळून घालायची आणि बाटल्या भरायच्या. दोन आठवड्यांनी उघडली की अप्रतिम. चार आठवड्यांनी जरा जास्तच फेस. सात-आठ आठवड्यांनी झाकण उचकटलं की अर्धी बिअर ओट्यावर.

पहिल्या वर्षी साखरेवर संशय घेतला. पुढच्या वेळी साखर ११० वरून ९० ग्रॅमवर आणली, चमच्याने न मोजता वजनकाट्यावर मोजली, तरी तेच, फक्त एक आठवडा उशिरा. दुसऱ्या वर्षी म्हटलं इन्फेक्शनच असणार, झाडाची बोंडं बाहेरची, त्यावर जंगली यीस्ट बसलेलं असणार. सगळे पाइप बदलले, बाटल्या भरायची बादली नवी आणली, तोटी खोलून एकेक वॉशर सॅनिटायझरमध्ये बुडवला. तरी तेच. तिसऱ्या वर्षी यीस्टवर आले. काही यीस्ट असतात, डायस्टॅटिकस म्हणतात त्यांना, ती स्वतःच एन्झाइम सोडून उरलेली पिठूळ साखर पण खात बसतात, सेझॉन प्रकारच्या बिअरच्या बऱ्याच यीस्टमध्ये हा गुण असतो. यीस्ट बदललं. बाटली त्याच वर्षी फुटली.

मग एका रविवारी वही घेऊन बसले. मी प्रत्येक बॅचची तारीख, तापमान, ग्रॅव्हिटी सगळं लिहिते, सवयच आहे, आमच्या आप्पांची फवारणीची वही असायची तशी. उसळलेल्या बॅचना लाल पेनने खूण केली. सगळ्या खुणा सप्टेंबर ते नोव्हेंबरमधल्या. त्याच बादलीतून, त्याच बाटल्यांत, त्याच यीस्टने केलेल्या मे-जूनच्या बॅच एकदम व्यवस्थित. इथवर मला वाटत होतं की घरचे हॉप्स म्हणजे दोष, पण मग त्यात एक बॅच दिसली, तोडणीच्याच दिवशी ओली बोंडं थेट उकळत्या वॉर्टमध्ये (यीस्ट घालायच्या आधीचं माल्टचं गोड पाणी) घालून केलेली. हॉप्स घरचेच, त्याच वेलीचे, आणि ती बिअर सहा महिने बाटलीत शांत होती. म्हणजे नुसते घरचे हॉप्स नाही, घरचे हॉप्स *न उकळता* घातले की होतंय. इथे माझी ट्यूब पेटली.

नाचणी किंवा बार्लीला मोड आणले की आत एन्झाइम तयार होतात, तेच मॅशमध्ये स्टार्चचे तुकडे करून साखर बनवतात. भाकरीचा घास बराच वेळ चावत राहिलं की गोड लागायला लागतो, तिथे लाळेतलं एन्झाइम हेच काम करतं. मॅश ६८ अंशाला ठेवला की सगळ्याची साखर होत नाही, काही लांब साखळ्या उरतात, डेक्स्ट्रिन म्हणतात, त्या यीस्टला खाता येत नाहीत आणि त्यांच्यामुळेच बिअरला अंग, म्हणजे तोंडात दाटपणा, येतं. नंतर आपण वॉर्ट तासभर उकळतो, माल्टची एन्झाइम मरतात, विषय संपला असं आपण धरून चालतो. पण हॉप्सच्या बोंडात स्वतःची तसलीच एन्झाइम असतात! ती थंड बिअरमध्ये गेली की उरलेल्या डेक्स्ट्रिनचे हळूहळू तुकडे करत बसतात, तयार झालेली साखर यीस्ट खातं, आणि संपलेलं फर्मेंटेशन परत सुरू होतं. इंग्रजीत याला हॉप क्रीप म्हणतात. १८९३ मध्ये इंग्लंडमध्ये ब्राउन आणि मॉरिस या दोघांनी हे लिहून ठेवलं होतं, मग बराच काळ कोणाला फारशी आठवण राहिली नाही, आणि ड्राय हॉपिंगचं प्रमाण वाढल्यावर २०१८ मध्ये आमच्या इथल्या ऑरेगन स्टेट युनिव्हर्सिटीने कॅस्केड हॉप्सवरच अभ्यास करून ही एन्झाइम दाखवून दिली.

मग विकतच्या हॉप्सने इतका त्रास का नाही? होतो, पण कमी. व्यापारी भट्टीत हॉप्स साधारण ५० ते ६५ अंशाला वाळवतात, तापमान जितकं जास्त तितकी एन्झाइम कमी उरतात. आणि मी कसे वाळवत होते, तर आमच्या बेदाणा शेडसारखे. सावलीत, जाळीच्या चौकटी एकावर एक, खालून पंखा, तीन-चार दिवस. तापमान ३० च्या वर कधी गेलंच नाही. सुगंध सुंदर राहिला आणि एन्झाइम पण जवळजवळ सगळी शाबूत.

हिशोब केला की डोळे उघडतात. ग्रॅव्हिटीचा एक पॉइंट, म्हणजे १.०१३ ची १.०१२ झाली, की साधारण अर्धा व्हॉल्यूम गॅस तयार होतो (एक व्हॉल्यूम म्हणजे बिअरच्या आकारमानाइतका गॅस). ११० ग्रॅम साखरेने मला हवे होते २.४ व्हॉल्यूम. बाटलीत आणखी पाच पॉइंट उतरले तर वर अडीच. म्हणजे जवळपास पाच व्हॉल्यूम. नेहमीची बिअरची बाटली तीन-साडेतीनच्या पुढे भरवशाची नसते. साखर २० ग्रॅमने कमी करून काय होणार होतं?

तरी नुसत्या तर्कावर विश्वास ठेवायचा नव्हता म्हणून बरण्यांचा प्रयोग केला, आणि तुम्ही पण बाकी काही नाही केलं तरी हा कराच. ड्राय हॉपच्या आधीची, थांबलेली बिअर चार बरण्यांत अर्धा-अर्धा लिटर घेतली. चौघींत चिमूटभर कोरडं यीस्ट. पहिलीत दुसरं काही नाही. दुसरीत ५ ग्रॅम घरची बोंडं. तिसरीत तीच ५ ग्रॅम बोंडं पण आधी इडलीपात्रात दहा मिनिटं वाफवून गार केलेली. चौथीत ५ ग्रॅम विकतचे पेलेट (हॉप्स दाबून केलेल्या गोळ्या). झाकणं सैल, घरातल्या वॉटर हीटरशेजारी ठेवल्या, तिथे २४-२५ अंश असतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दुसऱ्या बरणीच्या काचेला आतून बारीक बुडबुड्यांची माळ लागलेली, बोंडं वर उचलली गेलेली, आणि शेजारची वाफवलेली बरणी एकदम स्तब्ध. दहा दिवसांनी गॅस नीट घालवून, २० अंशाला आणून मोजलं. पहिली १.०१३. दुसरी १.००७. तिसरी १.०१३. चौथी १.०१०. नवऱ्याला हाक मारून परत मोजायला लावलं, तेच आकडे.

तुमच्याकडे हेच होतंय की दुसरं काही, ते ओळखायला उसळणाऱ्या बाटलीतली बिअर गाळून, दोन ग्लासांत वरखाली ओतून गॅस पूर्ण घालवा आणि ग्रॅव्हिटी मोजा. भरताना होती त्यापेक्षा तीन-चार पॉइंट खाली आली असेल आणि चव स्वच्छ असेल, किंवा लोण्याचा वास असेल, तर बहुतेक हॉप क्रीप. खाली आलीये पण आंबट किंवा औषधी लागतंय, बाटलीच्या गळ्याशी कडं धरलंय, तर इन्फेक्शन, तिथे माझा हा लेख उपयोगाचा नाही, सफाईकडेच बघा. ग्रॅव्हिटी तितकीच आहे आणि तरी उसळतेय तर एकतर हॉप्सचे बारीक कण बाटलीत गेलेत, गॅस त्यांच्यावर धरतो आणि एकदम सुटतो, किंवा माल्टच बुरशी लागलेल्या धान्याचा होता. काही बाटल्या उसळतात आणि काही अगदी मवाळ, तर साखर नीट ढवळली गेली नाही. सगळ्यात मोठी खूण वेळेची: साखरेची चूक दोन-तीन आठवड्यांत दिसते आणि थांबते, हॉप क्रीप आठवड्यागणिक वाढत जातं.

उपायांबद्दल लोक बरंच काय काय सांगतात, मी करून बघितलेलं सांगते. मॅश ६५ अंशाला आणला तर डेक्स्ट्रिन कमी उरतात, त्रास कमी होतो, जात नाही, आणि बिअर पातळ लागते. मला नाही आवडलं. थंडीत, १०-१२ अंशाला दोन-तीन दिवस ड्राय हॉप करून हॉप्स काढायचे हा सल्ला केगवाल्यांसाठी (बाटल्यांऐवजी पिंपात भरणाऱ्यांसाठी) छान आहे कारण त्यांची बिअर पुढे थंडच राहते. पण बाटलीवाल्यांनी यावर विसंबू नका! एन्झाइम तोवर बिअरमध्ये उतरलेली असतात, आपण बाटल्या गॅस धरायला २० अंशाला ठेवतो आणि तिथे ती परत कामाला लागतात. हॉप्सची पिशवी काढली म्हणजे एन्झाइम निघाली असं नाही, हे मला समजायला सगळ्यात जास्त वेळ लागला.

डिहायड्रेटरमध्ये ५५-५७ अंशाला वाळवून बघितले, फरक पडतो, बरण्यांत सहाऐवजी चार पॉइंट उतरले, पण थोडा सुगंध गेला. कसेही वाळवा, पूर्ण वाळलेत का हे मात्र वजनावर ठरवा. ताज्या बोंडात साधारण ७५ ते ८० टक्के पाणी असतं आणि साठवायला ८-१० टक्के हवं. मी १०० ग्रॅम ताजी बोंडं वेगळ्या छोट्या जाळीत ठेवते, ती २४ ग्रॅमच्या आसपास आली आणि मधली काडी वाकण्याऐवजी कट्कन मोडली की झालं. पाकळ्या आधी वाळतात आणि फसवतात, काडीतलं पाणी नंतर बाहेर येतं आणि पिशवीत बुरशी धरते. मग हवा काढून सीलबंद, थेट फ्रीझरमध्ये.

माझ्यासाठी लागू पडलेले उपाय दोनच. एक म्हणजे घरची बोंडं शेगडी बंद केल्यावर, वॉर्ट ८० अंशाला आणून त्यात वीस मिनिटं ठेवायची. एन्झाइम मरतात, सुगंध बऱ्यापैकी राहतो, काही चिंता नाही. नवीन असाल तर हेच करा. घरच्या हॉप्सचं अल्फा आम्ल (कडवटपणा देणारा घटक) किती ते आपल्याला माहीत नसतं म्हणून सुरुवातीचा कडवटपणा विकतच्या, आकडा छापलेल्या हॉप्सने द्यायचा आणि घरचे शेवटी वासासाठी, असं पण यात आपोआप जमतं.

दुसरा म्हणजे ड्राय हॉपच करायचं, पण क्रीप बाटलीत न होता फर्मेंटरमध्येच होऊन जाऊ द्यायचं. फर्मेंटेशन संपत आलं असताना, साधारण १.०१८ ला, यीस्ट जागं असतानाच हॉप्स टाकायचे. पाच दिवसांनी पिशवी काढायची, नाहीतर गवताची चव उतरते. त्यानंतर बिअर २० अंशालाच ठेवून वाट बघायची, दोन आठवडे, कधी तीन. ग्रॅव्हिटी मोजायची ती हॉप्स घातल्यानंतर. मी तीन वर्षं हॉप्सच्या आधी मोजून समाधान मानत होते, तिथेच सगळं घोडं अडलेलं. तीन-तीन दिवसांनी तीन वेळा तोच आकडा आला की मगच बाटली. अंग कमी होतं म्हणून मी मॅश ६९ ला नेते आणि थोडे ओट्स घालते, म्हणजे उतरून उतरून पण काहीतरी उरतं.

लोण्याचा वास हा याचाच भाऊ आहे. यीस्ट परत खायला लागलं की डायअॅसिटिल परत तयार होतं, ते परत शोषून घ्यायला यीस्टला वेळ द्यावा लागतो. भरायच्या आधी दोन छोट्या झाकणाच्या बाटल्यांत नमुना घ्या, एक ६०-७० अंशाच्या पाण्यात अर्धा तास ठेवा, दोन्ही गार करून हुंगा. गरम केलेल्या नमुन्याला पॉपकॉर्नच्या बटरचा वास आला तर अजून आठवडाभर थांबायचं, नाही आला तर भरा.

प्रत्येक बॅचमधली एक बाटली सोड्याच्या प्लास्टिक बाटलीत भरा. रोज येता-जाता अंगठ्याने दाबायची. दहा-बारा दिवसांत ती दुकानातल्या न उघडलेल्या सोड्याइतकी घट्ट होते, तिथे थांबली पाहिजे. महिन्याभराने ती दगडासारखी झाली, बुडाचा आकार बाहेर यायला लागला, तर काचेच्या बाटल्या त्याच दिवशी फ्रिजमध्ये.

आणि घरात कुत्रा असेल तर काढलेले हॉप्स, ओले वाळलेले कसलेही, उघड्या खतात टाकू नका. कुत्र्यांना त्याने अंगात जीवघेणा ताप चढतो. आम्ही पिशवीत बांधून कचऱ्याच्या बंद डब्यात टाकतो.

२०२४ ची बॅच अशी गेली: ८ सप्टेंबरला उकळली, १३ ला १.०१८ असताना ९० ग्रॅम घरचे कॅस्केड, १८ ला पिशवी काढली तेव्हा १.०१३. आधीच्या वर्षांसारखं असतं तर इथेच भरली असती. २४ ला १.०११, ३० ला १.००९, ऑक्टोबरच्या ४, ७ आणि १० तारखेला १.००८, १.००८, १.००८. ११ ला भरली, १०० ग्रॅम साखर. जानेवारीत आई-आप्पा आलेले असताना शेवटची बाटली गॅरेजमधून आणून उघडली, हलकासा फुस्स आवाज, दोन बोटं फेस. ग्लासात ओतायच्या आधी थोडी काढून गॅस घालवून मोजली. १.००८.